कमरेचा टेप कुठे लावायचा

हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावातल्या मोठ्या माणसांचं वजन वाढतंय का, हे कसं कळणार? काटा आणून सगळ्यांना त्यावर उभं केलं तर आकडे मिळतात, उत्तर मिळत नाही. साठ किलो वजन उंच माणसाला कमी पडतं आणि बुटक्याला जास्त होतं. म्हणून वजनाला उंचीची जोड द्यावी लागते. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय निघतो. वजन आणि उंचीचं हे नातं बेल्जियमचे अडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात मांडलं. त्यांना लठ्ठपणा मोजायचाच नव्हता, ते सरासरी माणसाचा शोध घेत होते. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं.

सेनगाव तालुक्यातल्या एका चाळिशीच्या बाईंचं उदाहरण धरू. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. १.५८ चा वर्ग जवळजवळ अडीच, त्याने ६२ ला भागलं की २४.८. जागतिक आरोग्य संघटनेची जादा वजनाची नेहमीची रेषा २५ वर आहे, म्हणजे बाई ठीक ठरतात. पण भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्या लोकांसाठी ज्या मर्यादा सुचवल्या, त्यात २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरला आहे. त्या मापाने याच बाई लठ्ठपणाच्या उंबरठ्यावर आहेत.

आपली रेषा खाली का, याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं अभ्यासली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. आईच्या पोटात उपासमार झाली की शरीर स्नायूंवर काटकसर करतं आणि चरबी राखतं, असा या संशोधनाचा रोख आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास जन्मलेली मराठवाड्यातली पिढी आज पन्नाशीत आहे. तिच्या आयांनी दुष्काळी कामावर सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. या पिढीचं वजन युरोपच्या मापाने जोखणं मला अन्यायाचं वाटतं.

चरबी कुठे साठते, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. मांड्यांवर, कातडीखाली साठलेली चरबी तुलनेने शांत असते. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी स्निग्धाम्लं थेट यकृताकडे जातात, यकृत चरबट होतं, इन्सुलिनचा परिणाम कमी पडू लागतो आणि साखर चढते. हातपाय काडीसारखे आणि पोट सुटलेलं, असा माणूस काट्यावर बारीकच दिसतो. त्याला पकडायला टेप लागतो.

टेप लावण्याची जागा ठरलेली आहे: शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मधोमध, श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही. बाईंच्या परकराची नाडी नेमकी तिथेच बांधलेली असते, म्हणून ती सैल करावी लागते, आणि हे माप बाईमाणसानेच आडोशाला घेतलं तर खरं येतं. पुरुषांची फसगत पँटच्या नंबरात होते. पट्टा पोटाच्या खाली सरकत जातो, नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. स्त्रीसाठी ८० आणि पुरुषासाठी ९० सेंटिमीटरच्या पुढे धोका सुरू. कमर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी, हा आणखी सोपा आडाखा.

आता गावाकडे पाहू. तणनाशक आलं आणि खुरपणीचे दिवस घटले. सोयाबीन हार्वेस्टरमधून निघतं, शेतावर जायला मोटारसायकल आहे. ज्वारीच्या भाकरीच्या जागी रेशनचा गहू-तांदूळ आला. तेल तर मोजून पाहावंच: पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर लागत असेल तर माणशी रोजचे सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे जवळपास २७० कॅलरी. दिवसभर निंदण करणाऱ्या बाईला त्या जिरवता येतात, दुकानात बसणाऱ्याला जड जातात. त्यामुळे एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, अशक्त मजूर सून आणि पोट सुटलेला सासरा सापडतो. अशा गावाची सरासरी काढली तर ती 'ठीक' येते आणि दोघंही त्यात हरवतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २०.८ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा बारीक आणि २३.४ टक्के जादा वजनाच्या आढळल्या. दोन्ही टोकं जवळजवळ तुल्यबळ. हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रेषा २५ चीच आहे, आपल्या २३ ची नाही. आणि मोजलेल्या स्त्रिया १५ ते ४९ वयाच्या. सर्वेक्षणाच्या जिल्हावार पत्रकात तर बीएमआय फक्त स्त्रियांचाच येतो. पन्नाशीपुढची बाई आणि जिल्ह्यातला एकूण एक पुरुष, म्हणजे पोट ज्यांचं जास्त सुटतं तेच, त्या रकान्याबाहेर राहतात. गावाने स्वतः मोजायचं ठरवलं तर हंगामही पाहावा. दिवाळीनंतर मोजणी केली की ऊसतोडीला गेलेली कुटुंबं सुटतात, आणि कष्टाने वाळलेली माणसं बरीचशी त्यांच्यातच असतात.

मोजणीचं साधन गावात आधीच आहे. तिशी ओलांडलेल्यांसाठी आशाताई आजारांची जोखीम नोंदवणारा जो सीबॅक फॉर्म भरतात त्यात कमरेच्या मापाला गुण आहेत: बाईची कमर ८१ ते ९० असेल तर एक, ९० च्या वर दोन, पुरुषाची ९१ ते १०० असेल तर एक, त्यावर दोन. तंबाखू, दारू, व्यायाम, घरातला मधुमेह यांसारख्या बाबींचे गुण मिळवून बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं असतं. बेरीज कमी आली तरी तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी उपकेंद्रात मोफत व्हायला हवी. हेच फॉर्म वय आणि लिंगाप्रमाणे वेगळे लावून ग्रामसभेत वाचले, तर गावातलं कुणाचं पोट कोणत्या वयात सुटायला लागतं, हे एका बैठकीत कळू शकतं.