इराकचे युद्ध आणि सरकारचे वकील

परक्या देशातील राजवट उलथून टाकण्याचा प्रश्न निघाला, की आपल्या सभांतून वाद एकाच जागी घुटमळतो: ती राजवट जुलमी होती की नव्हती? इराकचा सद्दाम हुसेन जुलमी होता याविषयी आम्हांला यत्किंचितही शंका नाही. १९८७ साली त्याने कायदा करून सरकारी क्षेत्रातील कामगारांचा संघटनेचा हक्क काढून घेतला. (२००३ मध्ये राजवट बदलल्यावर आलेल्या परकीय प्रशासनानेही तो कायदा तसाच ठेवला, हेही आम्ही विसरलो नाही.) परंतु येथे पाहावयाचे आहे ते निराळेच. अशी राजवट युद्धाने बदलणे कायदेशीर आहे, हे सांगणारा माणूस कोण असतो आणि त्याला त्या खुर्चीवर कोण बसवतो?

आंतरराष्ट्रीय कायदा या बाबतीत फारसा अवघड नाही. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने दुसऱ्या देशावर बळ वापरण्यास मनाई केली. अपवाद दोन: स्वसंरक्षण आणि सुरक्षा समितीची परवानगी. काही राष्ट्रे मानवतेच्या रक्षणाचा तिसरा अपवाद पुढे करतात, पण तो सर्वमान्य नाही. ‘राजवट वाईट आहे’ हे कारण त्यांत कोठेच बसत नाही.

ब्रिटनचा ॲटर्नी जनरल आपल्या महान्यायवादीसारखा नसतो. आपल्या घटनेच्या ७६ व्या कलमाखाली नेमलेला महान्यायवादी मंत्री नसतो. संसदेत बोलू शकतो, मत देऊ शकत नाही. तोही सरकारच्या मर्जीनेच राहतो, ही गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये मात्र हा अधिकारी पंतप्रधानाने निवडलेला, सत्ताधारी पक्षाचा मंत्रीच असतो. पीटर गोल्डस्मिथ हे नामांकित बॅरिस्टर. १९९९ मध्ये ब्लेअर सरकारच्या काळात ते उमराव सभेत गेले आणि २००१ च्या जूनमध्ये ॲटर्नी जनरल झाले. लोकांनी निवडून दिलेले ते कधीच नव्हते. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आमची तक्रार नाही. पंतप्रधानाला कायदा सांगायचा आणि त्याच्याच मंत्रिमंडळाबरोबर यायचे व जायचे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसावर लादलेल्या होत्या, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरीकडे परराष्ट्र खात्यात कायम नोकरीतले कायदेपंडित होते. सरकारे बदलली तरी ते राहत. त्यांचे प्रमुख मायकेल वुड आणि उपप्रमुख एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट.

आता घटनाक्रम पाहा. २३ जुलै २००२ च्या बैठकीत गोल्डस्मिथ यांनी स्पष्ट सांगितले की, राजवट बदलण्याची इच्छा हा लष्करी कारवाईचा कायदेशीर आधार होत नाही. ८ नोव्हेंबरला सुरक्षा समितीने १४४१ क्रमांकाचा ठराव केला. इराकला शस्त्रे उघड करण्याची अखेरची संधी दिली. तो एकटा पुरेसा नाही, समितीचा आणखी निर्णय हवा, असेच १४ जानेवारी २००३ च्या कच्च्या मसुद्यात गोल्डस्मिथ यांचे मत होते. वुड यांनीही २४ जानेवारीला आपल्या मंत्र्याला तेच लिहिले. मंत्री जॅक स्ट्रॉ यांनी पाच दिवसांनी कळवले की सल्ला पाहिला, पण तो मान्य नाही. १० फेब्रुवारीला गोल्डस्मिथ वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकन सरकारच्या वकिलांना भेटले, आणि त्यानंतर मत सरकू लागले.

७ मार्चच्या लेखी सल्ल्यात त्यांनी म्हटले की दुसरा ठराव घेणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग. तथापि त्याशिवायही ‘रास्त बाजू मांडता येईल’, मात्र न्यायालय ती मान्य करील याची खात्री नाही. युनियनच्या कार्यकर्त्याला हे शब्द चांगले ओळखीचे आहेत. आमचा वकील ‘केस लढवता येईल’ म्हणाला, की आम्ही कामगारांना ‘केस जिंकली’ असे सांगत नाही! तेवढ्यावर माणसांना संपावरसुद्धा पाठवत नाही.

सेनापती ॲडमिरल बॉइस यांना ही भाषा चालणार नव्हती. शिपायांवर पुढे खटला होऊ नये म्हणून त्यांना हो की नाही असे उत्तर हवे होते. १३ मार्चला गोल्डस्मिथ यांनी ‘हो’कडे कौल दिला. पण ते ‘हो’ इराकने अटींचा आणखी गंभीर भंग केला आहे या वस्तुस्थितीवर अवलंबून होते. ही वस्तुस्थिती ठरवायची कोणी? १४ मार्चला ॲटर्नी जनरलच्या कचेरीतून पंतप्रधानांच्या कचेरीला विचारणा गेली. १५ मार्चला उत्तर आले की पंतप्रधानांचे मत निःसंदिग्धपणे तसेच आहे. म्हणजे अशिलाने वकिलाला विचारले, मला हक्क आहे काय? वकील म्हणाला, समोरच्याने करार मोडला असे तुम्ही म्हणत असाल तर आहे. अशिलाने दुसऱ्या दिवशी तसे लिहून दिले! कारखान्यातील खातेचौकशीत मॅनेजर स्वतःच फिर्यादी आणि स्वतःच पंच असतो, त्याचीच ही मोठी आवृत्ती.

१७ मार्चला संसदेपुढे साडेतीनशेहून कमी शब्दांचे उत्तर ठेवले गेले. त्यात ७ मार्चची शंका नव्हती. मंत्रिमंडळालाही तो मूळ सल्ला दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी लोकसभेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती दिली, आणि त्याच दिवशी विल्म्सहर्स्टबाईंनी सुमारे तीस वर्षांची नोकरी सोडण्याचे पत्र लिहिले. परवानगीवाचून असे बळ वापरणे हा आक्रमणाचा गुन्हा आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

अमेरिकेतही न्यायखात्याच्या सल्ला कार्यालयाचे मत होतेच. राष्ट्राध्यक्षांना इराकवर बळ वापरण्याचा अधिकार आहे, असे सांगणाऱ्या २३ ऑक्टोबर २००२ च्या त्या मतावर जे बायबी यांची सही आहे. १३ मार्च २००३ रोजी सिनेटने त्यांना अपील न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून मंजुरी दिली. नियुक्तीची शिफारस त्या मताच्या आधीच झाली होती, म्हणून एकामुळे दुसरे घडले असे आम्ही म्हणणार नाही. पण बढतीची वाट पाहणाऱ्या माणसाकडून आपण कोणता सल्ला मागतो, हे ज्याने त्याने ठरवावे.

ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी आला. युद्ध कायदेशीर होते की नव्हते, यावर तिने निवाडा दिला नाही. कायदेशीर आधार ज्या रीतीने ठरवला गेला ती मुळीच समाधानकारक नव्हती, असे मात्र म्हटले. जुलै २००९ पर्यंत निदान दीड लाख इराकी मेले होते, बहुतेक सामान्य नागरिक, असेही तिने नोंदवले. गोल्डस्मिथ २००७ पर्यंत पदावर राहिले. त्या वर्षी नव्या सरकारने हे पद सुधारण्याच्या सूचना मांडल्या, त्यांवर सल्लामसलत झाली. पण ब्रिटनचा ॲटर्नी जनरल आजही पंतप्रधानच निवडतो.