इंग्रज पाद्र्याची मराठी पोथी

आमच्या दोंडाईच्यात दोन भाषा सुखाने नांदतात. मिरचीच्या बाजारात आणि चुलीपाशी अहिराणी, अन् पोथी लागली की मराठी. ‘आहे’ला ‘शे’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ओवी कधी परकी वाटत नाही. म्हणूनच की काय, फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ प्रथम हाती आले तेव्हा मला नवल वाटले ते त्यातल्या धर्मापेक्षा भाषेचे. गोव्यात घरोघर कोकणी. पण या इंग्रज जेझुइटाने येशूची कथा रचली ती मराठी ओवीत, आणि लोकांना सोपी जावी म्हणून तीत तिथल्या बोलीचे शब्द मिसळले.

याचे मूळ शोधायला युरोपात जावे लागते. सोळाव्या शतकाच्या आरंभी रोमचे चर्च एखाद्या गबर देवस्थानासारखे झाले होते. बिशप आपल्या प्रांतात फिरकत नसत. पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे पैसे घेऊन दिली जात. १५१७ साली ल्यूथरने आवाज उठवला आणि पुढे तो घराबाहेर पडला. पण घरात राहूनच घर झाडू पाहणारेही होते. त्यांतला मोठा एरॅस्मस. १५१६ साली त्याने ग्रीक नवा करार छापला आणि प्रस्तावनेत इच्छा धरली, की नांगरामागच्या शेतकऱ्याने व मागावरच्या विणकऱ्याने त्यातली वचने गुणगुणावीत. (तिकडे हे चालले असता आमचे एकनाथ अजून जन्मायचे होते!)

पुढे ट्रेंटची धर्मपरिषद भरली, १५४५ ते १५६३. बिशपांनी आपल्या प्रांतात राहावे, पाद्र्यांना रीतसर शिकवावे, लोकांना समजेल असा उपदेश करावा, असे ठरले. मिस्सा मात्र लॅटिनमध्येच. अर्धेच दार उघडले म्हणा ना!

स्टीफन्स गोव्यात उतरला १५७९ साली, आणि पुढची बहुतेक हयात त्याने सासष्टीत काढली. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे हिरावली गेली होती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचा धाक होता. पुराणाच्या आरंभीच एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीबाबांना विचारतो, की जुन्या पोथ्या तुम्ही बंद केल्या, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला काहीतरी द्याल ना? मला तर हा प्रश्न सबंध ग्रंथाहून मोठा वाटतो. पोथी काढून घेणारे आणि पोथी देणारे, दोघेही एकाच चर्चचे.

उत्तरादाखल सुमारे अकरा हजार ओव्या झाल्या. १६१६ साली राचोलला त्या छापल्या, रोमन लिपीत. देवनागरी खिळे होते कुठे? एरॅस्मसच्या प्रस्तावनेला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

१६८४ साली सरकारचा हुकूम सुटला: तीन वर्षांत लोकांनी आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे. पुराणाच्या छापील प्रती नाहीशा झाल्या. पण लोकांनी हाताने नकला केल्या होत्या, त्यांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले.