विहिरीवरची बाई आणि केडगावचं बायबल

1883 मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा त्या 25 वर्षांच्या होत्या आणि शास्त्रं त्यांना परकी नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवलं होतं, आणि त्या आईनं लेकीला. कोलकात्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं ते 1878 मध्ये. पण धर्मशास्त्रं वाचताना एक गोष्ट त्यांना खुपत राहिली, आणि पुढे आत्मकथनात ती त्यांनी स्पष्ट लिहिली: बाकी शेकडो बाबतींत एकमेकांशी न जुळणारे हे ग्रंथ, बाईची जात वाईट आणि तिला पुरुषासारखा मोक्ष नाही, या मुद्द्यावर मात्र एकमुखी होते. इंग्लंडच्या मुक्कामात लंडनजवळच्या फुलहॅमला त्यांनी समाजानं 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांना जोगिणी प्रेमानं सांभाळताना पाहिलं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला.

त्या अध्यायात भर दुपार आहे. थकलेला येशू विहिरीच्या काठावर बसला आहे, शिष्य खायला काही आणायला गावात गेलेत. एक शोमरोनी बाई घागर घेऊन येते. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो आणि ती चकित होते, कारण यहुदी माणूस शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसे. पाणवठ्यावरचा विटाळ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. पुढे ती गप्प बसत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो जिवंत पाण्याची गोष्ट काढतो तेव्हा ती म्हणते, विहीर खोल आहे, तुमच्याकडे पोहराही नाही. पाच नवरे झाले आणि आताचा नवरा नव्हे, हे तिचं आयुष्य उघड झाल्यावरही ती मान खाली घालून निघून जात नाही. उलट धर्मशास्त्राचा सगळ्यात वादाचा प्रश्न तीच विचारते: उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत? आणि तिला नीट उत्तर मिळतं. स्थळ महत्त्वाचं नाही, आत्मा आणि सत्य महत्त्वाचं. चारही शुभवर्तमानांत येशूचा एका व्यक्तीशी झालेला इतका लांब संवाद दुसरा नाही. तो एका बाईशी आहे, तिच्या घागरीजवळ.

ख्रिस्ती धर्मात शास्त्र आणि सत्य यांचं नातं काय, हे मला या प्रसंगात सगळ्यांत स्वच्छ दिसतं. शास्त्राचा खरेपणा त्यापुढे किती माना झुकल्या यावर ठरत नाही. समाजानं सगळ्यांत खाली ढकललेल्या माणसाला ते कळतं का, आणि त्या माणसाचा उलट प्रश्न ते सोसतं का, यावर ठरतो. हे माझ्या पदरचं नाही. योहानाच्या लेखी सत्य म्हणजे विधान नसून व्यक्ती आहे, आणि ग्रंथ त्या व्यक्तीची साक्ष. म्हणून ख्रिस्ती परंपरेत मूळ भाषेला मंत्राचं स्थान मिळालं नाही. येशू बोलला अरामी भाषेत. शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीकमध्ये. म्हणजे त्याचे शब्द आपल्याला पहिल्यापासून भाषांतरातच भेटतात. ही ग्रीकही होमरची किंवा प्लेटोची नव्हे. इजिप्तच्या वाळूत जुने पपायरस सापडले, त्यांतल्या पावत्या, अर्ज, घरची पत्रं यांच्याशी ताडून नव्या कराराची भाषा म्हणजे बाजाराची, चालती ग्रीक आहे, हे अडॉल्फ डाइसमन या जर्मन अभ्यासकानं दाखवून दिलं. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत का आणली, हे ज्याला कळतं त्याला या निवडीचं मोल वेगळं सांगायला नको.

रमाबाईंनी 1883 मध्येच बाप्तिस्मा घेतला, पण प्रश्न विचारणं सोडलं नाही. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना; इंग्लंडमधल्या वॉन्टेज मठाच्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रांतून झालेला वाद आज छापील उपलब्ध आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले ती दुसऱ्याच्या जोखडात मान द्यायला नव्हे, असा त्यांचा रोख होता. वॉन्टेजच्या जोगिणींनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन शब्द होते. मला न कळणारी भाषा माझ्या गळ्यात कशाला, संस्कृत शब्द कोरा, असा त्यांनी आग्रह धरला. तेव्हा त्यांना लॅटिनच्या जागी संस्कृत हवं होतं. पुढे केडगावला, निराधार बायका-मुलींसाठी स्वतः उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये, आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली, तेव्हा मात्र संस्कृतही दूर सारलं. हा विरोधाभास नाही. क्रूस त्यांच्या स्वतःच्या गळ्यात होता आणि संस्कृत त्यांना येत होतं. बायबल ज्यांच्या हाती जायचं होतं त्या मुली 1896 च्या दुष्काळात आणि नंतर रस्त्यावरून, छावण्यांतून आणलेल्या; त्यांच्यासाठी जड संस्कृत शब्द लॅटिनइतकाच परका.

वास्तविक मराठी बायबल होतं. विल्यम कॅरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून नवा करार 1811 मध्येच बाहेर पडला होता आणि नंतर सुधारणाही होत गेल्या. पण पंडितांच्या मदतीनं झालेल्या त्या भाषेला पंडिती वळण होतं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळाशी जायचं ठरवलं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा मार्ग वेगळा होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत; त्यांनी अभंग लिहिले, ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' आरंभलं. जुने शब्द टाकले तर त्यांचा सुगंधही जातो, ही बाजू खोटी नाही, आणि वाचताना आनंद मला टिळकांकडेच अधिक मिळतो. पण ज्या शब्दांनी एखाद्या बाईला पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवलं, तेच शब्द तिच्यासाठी मुक्तीचे करायचे तर आधी त्यांचा अर्थ धुवावा लागतो. टिळकांना पूल मिळाला होता. रमाबाईंसमोरच्या मुलींना पुलापर्यंत जाऊच दिलं नव्हतं.

बायबलमध्येही बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं पौलाच्या नावे लिहिलेलं आहे, दास्य आहे, बहुपत्नीत्व आहे; मग एक पोथी टाकून दुसरी धरली यात काय मिळवलं, हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. ही वचनं आहेतच. पण येशूनं स्वतः शास्त्र कसं वाचलं? शिष्यांनी शब्बाथाच्या दिवशी कणसं मोडली म्हणून तक्रार आली, तेव्हा शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, अशा आशयाचं उत्तर त्यानं दिलं. म्हणजे नियमाला मोजायचं माप त्याच ग्रंथाच्या आत आहे, आणि विहिरीवरची बाई त्या मापाची साक्ष आहे. दुसरा आक्षेप सुधारक आगरकरांचं नाव घेऊन करता येईल: देव न मानताही माणूस निष्कलंक जगतो. अगदी खरं. नीतीसाठी शास्त्र लागतंच असं मी म्हणणार नाही. रमाबाईंना शास्त्रातून मिळालं ते नियमांपलीकडचं होतं. जिचा कुणाला उपयोग नाही, जी बरी होण्याची खात्री नाही, तिच्याही आयुष्याला अर्थ आहे, हा तो भरवसा. मुक्तीमध्ये अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं जात होतं, फसलेल्या बायकांसाठी कृपासदन होतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड. रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या पुण्याच्या शारदासदनात मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. बाईंचं म्हणणं असं की मी दार लावून प्रार्थना करणार नाही आणि कुणाला आत ओढणारही नाही. त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. तरीही जिचं अन्न एका घरावर अवलंबून आहे तिची श्रद्धा किती मोकळी, हा प्रश्न राहतो, आणि ख्रिस्ती माणसानंच तो आधी विचारायला हवा. विहिरीवर पाणी मागणारा येशू होता, देणारी ती होती. गरजू तो होता म्हणून ती वाद घालू शकली. मदत करणाऱ्याच्या हाती ग्रंथ असतो तेव्हा हे नातं उलटं होतं. यावर एकच खरा उपाय मला दिसतो: ग्रंथ तिच्या भाषेत, तिच्या हाती देणं, म्हणजे देणाऱ्यालाही ती त्यातून जाब विचारू शकेल. भाषांतराला रमाबाईंनी इतकी वर्षं का दिली याचं उत्तर मी यात शोधतो.

लेक मनोरमा 1921 मध्ये गेली. रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या. शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत त्या तगून राहिल्या असं सांगतात. छापील बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे तिथल्याच बायका-मुलींनी जुळवले. खिळे जुळवणारीला प्रत्येक अक्षर उलटं वाचावं लागतं, एकेक उचलून ओळीत बसवावं लागतं. बाईच्या जातीला शास्त्र वाचायची मुभा नव्हती, त्याच जातीच्या बोटांना योहानाच्या चौथ्या अध्यायाची शाई लागली होती.