तोरणमाळला पाकीट का फुगतं?

शहाद्याहून तोरणमाळला निघालात की दोन गोष्टी बरोबर घ्या: वेफर्सचं एक पाकीट आणि पाण्याची प्लास्टिकची बाटली. अट एकच, वाटेत पाकीट फोडायचं नाही!

निघताना पाकीट बोटानं दाबून बघा. बोट सहज आत जाईल. मग पाकीट मांडीवर ठेवा आणि खिडकीतून सातपुडा बघत बसा. सातपायरी घाटात गाडी वळणामागून वळण घेत चढू लागली की पाकीट पुन्हा चाचपा. अरेच्चा! हे तर गुबगुबीत झालं! वर यशवंत तलावाच्या काठी उतराल, तेव्हा ते पुरीसारखं टम्म फुगलेलं असेल.

आत फुंकर कोणी मारली? कोणीच नाही. पाकिटातली हवा तेवढीच आहे. बदलली आहे ती बाहेरची हवा.

हवेलाही वजन असतं. आपल्या डोक्यावर हवेचा कित्येक किलोमीटर जाड थर आहे आणि तो सगळीकडून आपल्याला दाबत असतो. समुद्रकाठी अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साधारण १ किलोचा भार पडतो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच आहे, म्हणजे शहाद्यापेक्षा जवळजवळ हजार मीटर वर. तुम्ही घाट चढलात, तेव्हा हजार मीटर जाडीची हवा तुमच्या पायाखाली राहिली. तिचा भार गेला, म्हणून वर हवेचा दाब दहा टक्क्यांहून थोडा जास्तच कमी झाला. बाहेरून रेटणारा हात सैल पडला, तशी पाकिटातली हवा पसरली.

पण खरं नवल पुढेच आहे. आतली हवा बाहेर का पळाली नाही? पाकिटाला सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं, तरी ती निसटली असती. म्हणजे फुगलेलं पाकीट सांगतंय, "मला बांधणाऱ्यानं पक्कं बांधलंय!" कोण हा बांधणारा?

जंगलात पाऊलखुणांवरून प्राणी ओळखतात ना, तसं आपण यंत्र ओळखू. पाकीट उलटं करा. पाठीवर एक उभा सांधा दिसेल. वर आणि खाली एकेक आडवा, बारीक रेघारेघांचा सांधा. बस्स, तीनच सांधे! दोन्ही बाजूंना मात्र सांधाच नाही. कारण हे पाकीट एका सपाट पट्टीची नळी करून बनवलंय.

कारखान्यात त्या पट्टीचं भलंमोठं रीळ असतं. पट्टी रिळावरून सुटते आणि शर्टाच्या कॉलरसारख्या वळलेल्या पत्र्यावरून खाली सरकते. तिथं ती आपोआप एका उभ्या नळीभोवती गुंडाळली जाते. एक गरम पट्टा तिच्या दोन्ही कडा चिकटवतो. हा झाला पाठीवरचा सांधा. खाली दोन गरम जबडे टपलेले असतात. ते कचकन मिटतात आणि तळ बंद होतो. नळीतून वेफर्स पडतात, पट्टी पाकीटभर खाली सरकते, जबडे पुन्हा मिटतात. या एका चाव्यात भरलेल्या पाकिटाचं तोंड बंद होतं, पुढच्या पाकिटाचा तळ तयार होतो आणि मधली सुरी दोघांना वेगळं करते. एका मिनिटात अशी कितीतरी पाकिटं!

वेफर्सबरोबर आत नायट्रोजन वायूही सोडतात. आपल्या श्वासातल्या हवेत तो ७८ टक्के असतोच. मग वेगळा कशाला? ऑक्सिजनला हुसकवायला. ऑक्सिजन तेलाला गाठतो आणि वेफर्स खवट होतात. नायट्रोजन तेलाच्या वाटेला जात नाही. शिवाय तो उशीसारखा मध्ये असतो, म्हणून वेफर्सचा चुराही होत नाही.

आता सांगा, प्रत्येक पाकिटात सारख्याच वजनाचे वेफर्स कसे पडतात? एक मोठा, एक तुकडा, एक वाकडा. हेच कोडं जपानमध्ये हिरव्या ढोबळ्या मिरच्या भरताना पडलं होतं. सगळ्या मिरच्या लहानमोठ्या, पण पिशवीचं वजन ठरलेलं. इशिदा या कंपनीनं १९७२ साली त्यासाठी एक यंत्र बनवलं. मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या नंदुरबार जिल्ह्यात ही गोष्ट ऐकायला छान वाटते, नाही का? अशा यंत्रात गोल रांगेत वाट्या असतात. प्रत्येकीत थोडा थोडा माल पडतो आणि त्याचं वजन होतं. मग यंत्र झटक्यात बेरजा करून बघतं, की कोणत्या वाट्या एकत्र केल्या तर हवं ते वजन जमेल. तुम्हीही करून बघा. पाच वाट्यांत ५, ७, ९, ११ आणि १३ ग्रॅम माल आहे. पाहिजेत २५ ग्रॅम. कोणत्या वाट्या उघडाल? दोन उत्तरं आहेत, दोन्ही शोधा!

वेफर्स उभे पडतात, बिस्किटं मात्र आडवी चालतात. साखळीवरून त्यांची रांग पुढे सरकते, पट्टी त्यांच्याभोवती गुंडाळली जाते आणि शेवटी दोन्ही टोकं चिकटून कापली जातात. बिस्किटांच्या पुड्याची पाठ आणि टोकं बघा, तेच तीन सांधे सापडतील.

गोळीची तऱ्हा वेगळी. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावच्या गोळ्या तुमच्या आजीनंही खाल्ल्या असतील. गोळीच्या कागदाला यंत्राची चिमट्यासारखी बोटं दोन्हीकडून पीळ देतात. पण साधं प्लास्टिक पिळून सोडलं की परत उलगडतं. पीळ धरून ठेवतो तो सेलोफेन. स्वित्झर्लंडच्या जाक ब्रँडेनबर्गर यांनी १९०८ मध्ये शोधलेला हा पारदर्शक कागद लाकडाच्या लगद्यापासून बनतो.

आणि दुकानात पाण्याच्या बाराबारा बाटल्या घट्ट बिलगून उभ्या असतात, त्यांना कोण बांधतं? गरम हवा! ते प्लास्टिक बनवतानाच ताणून थंड केलेलं असतं. बाटल्यांभोवती सैल गुंडाळून गरम बोगद्यातून नेलं की त्यातला ताण सुटतो. ते आक्रसतं आणि बाटल्यांना कवटाळतं.

सातपुड्यात मात्र यंत्रांच्या कितीतरी आधीपासून एक वेष्टण आहे: पळसाचं पान. रुंद आणि चिवट. त्याचे द्रोण होतात, पत्रावळी होतात. काम झालं की पान मातीत मिसळतं. वेफर्सच्या पाकिटाला ते जमत नाही. त्याच्या पातळ पट्टीत प्लास्टिकचे थर आणि केसाहून कितीतरी बारीक असा ॲल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात. हवा आत-बाहेर होऊ नये म्हणून ते इतके पक्के चिकटवलेत, की पुन्हा वेगळे करणं फार अवघड. जो पक्केपणा वेफर्स कुरकुरीत ठेवतो, तोच पाकिटाला माती होऊ देत नाही. तोरणमाळच्या सीताखाईत भिरकावलेलं पाकीट तुम्ही मोठे व्हाल तरी तिथंच असेल.

म्हणून आता प्रयोगाचा दुसरा भाग. तोरणमाळला बाटलीतलं पाणी पिऊन संपवा आणि झाकण गच्च लावा. वेफर्स खा आणि रिकामं पाकीट घडी करून खिशात ठेवा. घाट उतरून शहाद्याला आलात की बाटलीकडे बघा. तिचे गाल आत गेलेले असतील! खालच्या जड हवेनं तिला दाबलंय. झाकण फिरवताना कान जवळ न्या. फुस्स असा बारीकसा आवाज येईल. तोरणमाळची हवा तुम्ही स्वतः बंद करून घरी आणलीत, आणि कचराही.