संग्रामपूर परिसरातील गोधडी : स्त्रीजीवनाचे एक नोंदसाधन

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील तेरा तालुक्यांपैकी संग्रामपूर हा सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला तालुका होय. उत्तरेस अंबाबरवा अभयारण्याचा डोंगराळ प्रदेश, दक्षिणेस पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा आणि या दोहोंमध्ये कापूस पिकविणारी काळी जमीन, अशी त्याची रचना आहे. या भागातील जुन्या घरांत पेटीवर किंवा दांडीवर घडी घालून ठेवलेल्या गोधड्या आजही दृष्टीस पडतात. लोकजीवनाच्या अभ्यासात गोधडीचा उल्लेख बहुधा काटकसरीचे उदाहरण किंवा हस्तकलेचा नमुना म्हणून होतो. प्रस्तुत लेखात तिचा विचार कुटुंबाच्या स्मृतीचे साधन म्हणून केला आहे. कोणता तुकडा कोणाच्या वस्त्राचा आणि तो कोणत्या प्रसंगाने घरात आला, हे शिवणाऱ्या स्त्रीला ठाऊक असते. कापडावर ते कोठेही लिहिलेले नसते. त्यामुळे शिवणारी गेल्यावर गोधडी उरते, परंतु ती वाचता येईल असे कोणी उरत नाही. ही हानी कशी होते आणि ती कशी टाळता येईल, याचे विवेचन येथे केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ठिगळे जोडून केलेल्या वस्त्रास संस्कृतात ‘कन्था’ म्हणतात. मराठीत ‘कंथा’ हा शब्द प्रामुख्याने विरक्त साधूच्या वस्त्रासाठी रूढ झाला, तर घरगुती अंथरूण-पांघरुणासाठी ‘गोधडी’ व ‘वाकळ’ हे शब्द प्रचारात राहिले. विदर्भाच्या लोकस्मृतीत हे दोन्ही अर्थ एकत्र आणणारी व्यक्ती म्हणजे संत गाडगे महाराज (१८७६–१९५६). अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेबाबा चिंध्या जोडलेले वस्त्र अंगावर घालीत; त्यामुळे त्यांना ‘गोधडे महाराज’ असेही म्हटले जाई.

वऱ्हाडाचा कारभार १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) येथील कापसाला मोठी मागणी आली आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेची शाखा पोहोचली. शेतात पिकलेला कापूस गाठी बांधून बाहेर जात असे आणि कापडाच्या रूपाने विकत घ्यावा लागे. कापूस वेचणाऱ्या स्त्रीच्या घरातही कापड जपून वापरण्याची वस्तू होती, हे गोधडीचा विचार करताना लक्षात ठेवले पाहिजे.

शिवणारीचा दिनक्रम

गोधडीसाठी वेगळा वेळ राखून ठेवणे शेतकरी व शेतमजूर स्त्रीला शक्य नसते. पहाटेचे पाणी, स्वयंपाक, शेतातील निंदण किंवा वेचणी आणि संध्याकाळची चूल यांमधून उरलेल्या वेळात हे काम चालते. कापसाची वेचणी संपल्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंतचा काळ त्याला सोयीचा असतो. दुपारी ओसरीवर किंवा झाडाच्या सावलीत अस्तर पसरले जाते. त्यावर विरलेल्या कापडाचे थर सुरकुती न ठेवता मांडले जातात, वरून धड कापड येते आणि मोठ्या टाक्यांनी सर्व थर स्थिर केले जातात. त्यानंतर धावदोऱ्याच्या समांतर ओळी घालत शिवणारी पुढे सरकते. स्वतःच्या बैठकीचे वजन थर जागेवर ठेवण्यास उपयोगी पडते.

हे काम एकटीचे क्वचितच असते. शेजारीण समोरच्या कडेला बसते, आपली सुई घेऊन येते, आणि पुढच्या वेळी तिच्या अंगणात हीच मदत परत केली जाते. टाक्यांची लांबी ओळीगणिक बदलते, कारण हात बदललेले असतात. गोधडी धुणे हेही सामूहिक काम होते. खारपाणपट्ट्यातील विहिरींच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. म्हणून नवरात्रापूर्वीची मोठी धुणी शक्य तेथे वान नदीवर नेली जात.

सणाची वस्त्रे

गोधडीत येण्यापूर्वी वस्त्राचा प्रवास ठरलेला असे. नवे लुगडे सणाला नेसले जाई, पुढे ते रोजच्या वापरात येई. मध्यभागी विरले की तो भाग काढून धड बाजू जोडल्या जात. यास ‘दंड घालणे’ म्हणतात. दंड घातलेले लुगडेही फाटले, की ते गोधडीत जाई आणि गोधडीतूनही उरलेली चिंधी शेवटी पोतेरे होई. म्हणजे गोधडीतील प्रत्येक तुकड्यामागे अनेक वर्षांचा वापर असतो.

या तुकड्यांचे उगम बहुधा सणांशी व कौटुंबिक प्रसंगांशी निगडित असतात. भाऊबीजेला भावाने घेतलेले लुगडे, संक्रांतीची काळी चंद्रकळा, लग्नातील आहेराची साडी, ओटीत आलेला खण, मुलाचे पहिल्या दिवाळीचे कापड, वडिलांचे धोतर अशी ही यादी असते. विवाहित स्त्रीच्या दृष्टीने माहेरच्या वस्त्राचे मोल वेगळे असते. तिच्या नावावर शेत नसते, घर नसते. परंतु भावाने दिलेले लुगडे निःसंशय तिचे असते. ते जीर्ण झाल्यावर टाकून न देता गोधडीच्या वरच्या बाजूस लावणे, हा त्या नात्याची खूण डोळ्यांसमोर ठेवण्याचा मार्ग ठरतो. बाळाच्या दुपट्यासाठी आजीचे लुगडे निवडले जाते, त्यामागे व्यवहारही आहे आणि भावनाही. शेकडो वेळा धुतलेले सुती कापड नव्या कापडापेक्षा मऊ असते.

सोबतिणींबरोबरचा प्रवास

ग्रामीण स्त्रीच्या प्रवासाला दीर्घकाळ दोनच सर्वमान्य निमित्ते होती : माहेर आणि तीर्थयात्रा. संग्रामपूरला लागूनच शेगाव तालुका आहे. गजानन महाराजांच्या प्रकटदिनास (माघ वद्य सप्तमी) आणि ऋषिपंचमीच्या पुण्यतिथीस आसपासच्या गावांतून लोक पायी शेगावला जातात. आषाढीला शेगावची पालखी पंढरपूरकडे जाते. अशा दिंडीत सुना, सासवा आणि शेजारणी घराच्या चौकटीबाहेर एकमेकींच्या मैत्रिणी म्हणून वावरतात. मुक्कामात अंथरायला व पांघरायला गोधडीच लागते, आणि थंडीत एका गोधडीखाली दोघी-तिघी झोपतात.

या प्रवासाचे अवशेषही पुढे गोधडीत उतरतात. भजनी मंडळातील स्त्रिया पुष्कळदा एकाच रंगाच्या साड्या घेतात. काही वर्षांनी त्या साड्या विरल्या की एकच कापड निरनिराळ्या घरांतील गोधड्यांत जाऊन बसते. कुटुंबाच्या वंशावळीत न दिसणारे हे मैत्रीचे नाते कापडात मात्र नोंदले जाते. अर्थात ती साडी कोणत्या वारीतील, हे सांगणारी स्त्री हयात असेल तोपर्यंतच.

नाव असलेली आणि नाव नसलेली वस्त्रे

येथे दोन उदाहरणे बोधप्रद आहेत. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी बंगालच्या खेड्यांतून कंथा गोळा केल्या. त्यांच्या नावाच्या कोलकात्यानजीकच्या संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातील एक कंथा आहे. तिच्यावर मानदासुंदरी या स्त्रीने आपले नाव आणि वडिलांना अर्पण केल्याचा मजकूर सुईने विणला आहे. त्यामुळे ती कोणी व कोणासाठी शिवली, हे आजही कळते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील अलाबामा राज्यातील जीज बेंड या कृष्णवर्णीय वस्तीचे. मिसूरी पेटवे या स्त्रीने १९४२ मध्ये दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. २००२ मध्ये ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात या वस्तीतील गोधड्यांचे प्रदर्शन भरले आणि त्यांना जगभर प्रसिद्धी मिळाली. त्या कपड्यांमागचे दुःख मात्र कळले ते मुलीने आठवण सांगितली म्हणून. ती नसती तर उरले असते ते केवळ जुन्या कपड्यांचे तुकडे. वऱ्हाडातील गोधडीवर बहुधा नाव नसते. तिची सर्व भिस्त अशा सांगणाऱ्या मुलीवरच असते.

बदलते कापड

कृत्रिम धाग्याच्या साड्या सर्वत्र आल्यापासून गोधडीचा कच्चा मालच बदलला आहे. हे कापड लवकर विरत नाही, घाम शोषत नाही आणि थरांत घसरते. बाजारातील ब्लँकेट स्वस्त झाले. बचत गट विक्रीसाठी गोधड्या शिवतात, त्यातून स्त्रियांना पैसा मिळतो आणि ते स्वागतार्ह आहे. परंतु नव्या कापडाच्या अशा गोधडीत कौटुंबिक नोंद असण्याचे कारण नाही. जुन्या सुती गोधड्या वापरून संपत आहेत. जपून ठेवण्यासाठी त्या शिवलेल्याच नव्हत्या.

समारोप

या परिस्थितीत गोधड्या गोळा करून संग्रहालयात ठेवणे हा एकमेव किंवा सर्वोत्तम उपाय नव्हे; घरातून काढलेली गोधडी सांगणाऱ्या व्यक्तीपासूनही दूर जाते. नोंद घरातच व्हावयास हवी. गोधडी पसरून तिचे छायाचित्र घ्यावे, तुकड्यांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक तुकडा कोणाचा, केव्हाचा, कोणत्या प्रसंगाचा हे शिवणारीच्या वऱ्हाडी शब्दांत, तिच्या संमतीने उतरवून घ्यावे. सोबत शिवणाऱ्या शेजारणींची नावेही लिहावीत. एक प्रत त्या घरी राहावी. मराठी, इतिहास व गृहअर्थशास्त्र या विषयांचे विद्यार्थी हे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातही करू शकतात. त्यास वही, मोबाइलचा कॅमेरा आणि एक दुपार एवढेच साहित्य लागते. यांतील बहुसंख्य विद्यार्थी अशाच गोधड्यांखाली वाढलेले असल्याने कामाचा आरंभ त्यांच्या स्वतःच्या आजीपासून होऊ शकतो. सुती लुगडी नेसलेल्या आणि ती हाताने गोधडीत शिवलेल्या स्त्रियांची पिढी आज वृद्ध आहे, म्हणून हे काम पुढील वर्षांवर टाकता येण्यासारखे नाही.