जावा-येझदीचे इंजिन घरी बांधताना

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून जावा आणि 1973 पासून येझदी या नावाने बनलेल्या 250 सीसी मोटरसायकलींचे इंजिन घरी खोलून पुन्हा बांधता येते. टू-स्ट्रोक असल्यामुळे त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्टही नाही. 65 मिमी बोअर आणि 75 मिमी स्ट्रोकचा एकच सिलिंडर, त्यात पिस्टन, खाली कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. गिअरबॉक्स त्याच केसिंगमध्ये मागे. कौशल्यापेक्षा मोजमाप आणि स्वच्छता यांनाच इथे जास्त महत्त्व आहे.

या इंजिनात पिस्टनच्या खालची जागाही राबते. पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँककेसमध्ये ओढले जाते आणि तो खाली येताना तेच दाबले जाऊन सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांमधून, म्हणजे पोर्टमधून, वर चढते. त्यामुळे क्रँककेस हवाबंद हवी. क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील्स वर्षानुवर्षे गाडी उभी राहिल्याने कडक होतात. डायनमोकडचे सील गेले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन जाम होऊ शकतो. क्लचकडचे सील गेले तर गिअर ऑइल ओढले जाऊन जळते आणि पांढरा धूर निघतो. हा धूर पाहून अनेक जण पिस्टनच्या रिंगा गेल्या असे समजतात आणि चांगला सिलिंडर बोअरिंगला पाठवतात. हे नुकसान भरून येत नाही. एक बोअर म्हणजे साधारण पाव मिलिमीटर लोखंड कायमचे गेले, आणि मूळ कारखाना तर 1996 मध्येच बंद पडला.

म्हणून आधी मोजावे. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने पाहावी. नव्या रिंगेला ती 0.2 ते 0.3 मिमी असते. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, तेही आडवा-उभा मोजला की तो कुठे झिजून लंबगोल झाला आहे ते कळते. रिंगांची टोके पिस्टनच्या खाचेतल्या बारीक पिनेवरच बसली पाहिजेत. रिंग फिरून तिचे टोक पोर्टमध्ये अडकले तर तुटते.

बोअरिंग आणि होनिंग लेथवाल्याकडेच करून घ्यावे. नवा पिस्टन सोबत न्यावा, कारण बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो. क्रँकचेही तसेच. तो प्रेसने घट्ट बसवलेला असतो. कनेक्टिंग रॉड बदलल्यावर क्रँकची दोन्ही टोके डायल गेजवर एका रेषेत आणावी लागतात. हातोड्याने ठोकून हे काम होत नाही.

बेअरिंग बसवताना मात्र घरची शेगडी पुरते. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे केसिंग पाण्याचा थेंब चरचरेल इतके तापवले की बेअरिंग हाताने आत उतरते. सुटे भाग काढताना प्रत्येक बाजूचे स्क्रू वेगळ्या डब्यात ठेवावेत; त्यांची लांबी सारखी नसते. पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या गजन पिनेची सर्क्लिप जुनी वापरू नये, आणि ती बसवताना क्रँककेसचे तोंड फडक्याने झाकावे. पोर्ट आणि दोन्ही सायलेन्सरमधला कार्बन याच वेळी खरवडून काढावा.

हेडचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडेथोडे करत आवळावेत. गाडीला लावण्याआधी इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे रबराने बंद करून, पंपाने पाच-सहा पीएसआय हवा भरावी आणि जोडांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर पुन्हा खोलावे.

पहिले 500 किलोमीटर इंजिन जोरात ओढू नये. पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण 40 मिली टू-टी ऑइल घालावे. इंजिन थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासावेत आणि प्लग काढून पाहावा: टोक तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे, पांढरेफटक असेल तर कार्ब्युरेटर आणि सील पुन्हा तपासावे लागतात.