सांधा दाखवायचा की लपवायचा?

छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमात कोलाज आणि फोटोमोंताज यांचा प्रकल्प सोपा समजला जातो, कारण त्याला महागडा कॅमेरा लागत नाही, अंधारखोली लागत नाही, आणि कात्री, गोंद व रद्दीच्या दुकानातली जुनी मासिके एवढ्यावर सुरुवात करता येते. फसलेले प्रकल्पही मात्र याच प्रकारात पुष्कळ आढळतात. कोलाज म्हणजे कागद, कापड, तिकिटे, वर्तमानपत्राचे कपटे अशा आयत्या वस्तू एका पृष्ठभागावर चिकटवून केलेले चित्र, तर फोटोमोंताज म्हणजे दोन किंवा अधिक छायाचित्रांचे भाग एकत्र आणून त्यांतून एक नवे दृश्य घडवणे, मग ती जोडणी कात्रीने होवो, अंधारखोलीत अनेक निगेटिव्ह एकाच कागदावर छापून होवो किंवा संगणकावर होवो. या साऱ्या प्रकारांत एक गोष्ट समान असते, ती म्हणजे दोन तुकडे जेथे एकमेकांना भिडतात तो सांधा. हा सांधा पाहणाऱ्याला दिसू द्यायचा की दिसू द्यायचा नाही, आणि दिसू द्यायचा तर त्यातून काय सांगायचे, हे ज्या विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात ठरवले त्याच्या प्रकल्पाचे नियोजन निम्मे झाले असे समजण्यास हरकत नाही, कारण विषय, प्रकाश, कागद आणि वेळापत्रक या बाकीच्या गोष्टी या एका निर्णयामागून येतात.

सांधा लपवण्याची परंपरा दोहोंत जुनी आहे. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराने १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह वापरून ‘जीवनाचे दोन मार्ग’ या अर्थाचे शीर्षक असलेले एक भव्य चित्र छापले. त्यासाठी कागदाचा नको तो भाग झाकून ठेवायचा, हवा तेवढ्याच भागावर एका निगेटिव्हमधून प्रकाश पडू द्यायचा, मग झाकण हलवून पुढचे निगेटिव्ह लावायचे, अशी त्याची पद्धत होती. त्याच्या पाठोपाठ हेन्री पीच रॉबिन्सनने १८५८ मध्ये पाच निगेटिव्ह जोडून मरणासन्न मुलीभोवती बसलेल्या कुटुंबाचे दृश्य उभे केले. रॉबिन्सन अशा रचनांसाठी आधी पेन्सिलने आराखडा काढून मग एकेक आकृती त्या मापाने टिपत असे. संगणकावर बसणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला कंटाळवाणी वाटणारी ही सवय प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळ वाचवणारी आहे.

बर्लिनच्या दादावादी कलावंतांनी पहिल्या महायुद्धानंतर नेमके उलटे केले. त्यांतील हाना हॉख ही उल्श्टाइन या मोठ्या प्रकाशनसंस्थेत विणकाम-भरतकामाचे नमुने तयार करण्याची नोकरी करीत असे, आणि त्याच संस्थेची सचित्र नियतकालिके तिच्या कात्रणांचा मुख्य साठा होती. १९१९-२० मध्ये तिने घडवलेल्या, स्वयंपाकघरातल्या सुरीचा शीर्षकातच उल्लेख असलेल्या प्रसिद्ध फोटोमोंताजची उंची सुमारे ११४ सेंटिमीटर आहे, आणि त्यात यंत्रांची चाके, बॉल बेअरिंग, गर्दीचे तुकडे, आइन्स्टाइनचा चेहरा आणि पदच्युत कैसर हे सारे एकमेकांवर आदळताना दिसतात. फील्ड मार्शल हिंडेनबुर्गचे डोके तिने एका नर्तकीच्या धडावर बसवले आहे. उलट केथे कोलवित्झ या ज्येष्ठ चित्रकर्तीचे शिर दुसऱ्या एका नर्तकीच्या मस्तकहीन शरीरावर, पण त्याला न टेकता, तरंगत ठेवले आहे. पहिल्या जोडणीत थट्टा आहे, दुसरीत आदर आहे, आणि हा फरक केवळ दोन तुकड्यांमधील अंतरातून कळतो. खालच्या उजव्या कोपऱ्यात युरोपमधील ज्या देशांत स्त्रियांना मताधिकार मिळाला होता त्यांचा नकाशा आणि त्याच्याशेजारी हॉखचा स्वतःचा छोटासा चेहरा आहे, म्हणजे वरकरणी गोंधळ वाटणाऱ्या या रचनेत सही कोठे करायची हेसुद्धा विचारपूर्वक ठरवलेले आहे. विद्यार्थ्यांकडून हॉखच्या शैलीची नक्कल होताना गर्दी उचलली जाते आणि हा हिशेब सुटतो.

त्याच गटातून पुढे आलेल्या जॉन हार्टफील्डने मात्र सांधे पुन्हा लपवले, आणि त्यामागे राजकीय कारण होते. १९३२ साली ‘ए.आय.झेड.’ या कामगारवर्गाच्या सचित्र साप्ताहिकात छापलेल्या त्याच्या फोटोमोंताजमध्ये भाषण करणाऱ्या हिटलरच्या छातीचे जणू क्ष-किरण चित्र दिसते, आणि फासळ्यांमधून नाण्यांची चळत घशापासून पोटापर्यंत उतरलेली आढळते. हिटलरमागे बड्या उद्योगपतींचा पैसा आहे हा आरोप येथे एकाही स्पष्टीकरणाशिवाय पोचतो, परंतु तो पोचण्यासाठी चित्र क्षणभर खरे वाटणे आवश्यक होते, म्हणून हार्टफील्ड हव्या त्या पोझची छायाचित्रे मुद्दाम काढवून घेत असे, जोडांवर रंगाचा हात फिरवून घेत असे आणि छपाईत उरलेसुरले ठसे नाहीसे होतील याची काळजी घेत असे. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच त्याला प्रागला पळून जावे लागले.

तिसरी वाट डेव्हिड हॉकनीची, आणि ज्या विद्यार्थ्यांना दुसऱ्याचे छायाचित्र वापरायचे नाही त्यांना ती सर्वांत उपयोगाची. हॉकनीने १९८० च्या दशकात एकच दृश्य शेकडो छोट्या छायाचित्रांत टिपून ती एकमेकांवर थोडी चढवत जोडली. कॅलिफोर्नियातील एका वाळवंटी चौरस्त्याचे एप्रिल १९८६ मधील ‘पेअरब्लॉसम हायवे’ हे त्याचे चित्र सातशेहून अधिक छायाचित्रांचे आहे. दुरून पाहिल्यास ते एका जागेवरून घेतलेले वाटते, पण प्रत्यक्षात हॉकनी प्रत्येक वस्तूजवळ गेला, रस्त्यावरच्या पाट्या समोरून वाचता याव्यात म्हणून शिडीवर चढला, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूला पाट्या वाचत जाणाऱ्या चालकाची नजर, तर डाव्या बाजूला रिकाम्या बाटल्या-डबे नि झुडपे न्याहाळत जाणाऱ्या प्रवाशाची नजर त्याने मांडली. येथे सांधा हा काळाचा असतो, कारण प्रत्येक तुकड्यादरम्यान छायाचित्रकार एक पाऊल पुढे सरकलेला असतो.

भारतीय उदाहरणांसाठी फार दूर जावे लागत नाही. राजस्थानातील नाथद्वारा येथे श्रीनाथजींसमोर उभ्या असलेल्या यजमान कुटुंबाची ‘मनोरथ’ चित्रे तयार होत असत, त्यांत चेहरे छायाचित्रातून कापून चिकटवलेले आणि अंगरखे, दागिने, देव्हारा हे सारे कुंचल्याने रंगवलेले असे. अलीकडच्या काळात छायाचित्रकार गौरी गिल आणि वारली चित्रकार राजेश वांगड यांनी २०१३ पासून डहाणू तालुक्यातील गंजाड परिसरात एकत्र केलेल्या ‘फील्ड्स ऑफ साइट’ या मालिकेत गिल यांच्या कृष्णधवल छायाचित्रांवर वांगड यांनी शाईने त्या भूमीच्या कथा आणि आठवणी रेखाटल्या आहेत. येथे कात्री नाही, गोंद नाही, त्यामुळे काटेकोर व्याख्येत ही मालिका फोटोमोंताज ठरणार नाही. तरीही कॅमेऱ्याला जे दिसले आणि तेथे राहणाऱ्याला जे ठाऊक आहे यांच्यातला सांधा एवढ्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला शोधून सापडणे कठीण.

आता विषयाच्या निवडीकडे वळता येईल. मुंबईतील गिरणगाव हा विद्यार्थ्यांचा आवडता विषय आहे, आणि त्यावरील बहुतेक प्रकल्प ‘तेव्हा आणि आता’ या साच्यात अडकतात: डावीकडे धुराडे, उजवीकडे काचेचा मनोरा. अशा चित्राने पाहणाऱ्याला जे आधीच माहीत आहे तेवढेच सांगितले जाते. त्याऐवजी, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाआधी गिरणीचा भोंगा ज्या वस्तीचा दिवस ठरवत असे तिचा दिवस आज कशाने ठरतो, असा अरुंद प्रश्न घेतला की काय टिपायचे आणि काय गोळा करायचे याची यादी आपोआप तयार होते: हजेरीची कार्डे, जेवणाचे डबे, सुरक्षारक्षकांच्या पाळ्या, खाद्यपदार्थ पोचवणाऱ्यांच्या मोटारसायकली, लिफ्टसमोरची रांग. समजा, चाळीच्या गॅलरीचा लाकडी कठडा आणि शेजारच्या मनोऱ्याच्या बाल्कनीचा स्टीलचा कठडा एका सरळ रेषेत आणून जोडले, तर दोन काळांना एकाच उंचीवर उभे करणारा तो जोड स्वतःच विधान करतो, आणि तेथे कागदाची कड दिसली तरी बिघडत नाही, किंबहुना ती दिसलीच पाहिजे.

सांधा लपवायचा असेल तर मात्र सारी शिस्त छायाचित्र काढतानाच पाळावी लागते. सकाळी आठला टिपलेल्या धुराड्याची सावली पश्चिमेला पडते आणि दुपारी चारला टिपलेल्या मनोऱ्याची पूर्वेला. हे दोन भाग कितीही सफाईने जोडले तरी डोळ्याला खोटेपणा जाणवतो, मग कारण सांगता येवो वा न येवो. म्हणून जोडायचे सर्व भाग शक्यतो एकाच वेळेच्या प्रकाशात, कॅमेऱ्याची उंची एकच ठेवून घ्यावेत, म्हणजे क्षितिजरेषाही जुळते. हॉकनीच्या पद्धतीने चाळीची गॅलरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टिपायची असल्यास रुंद कोनाचे भिंग टाळावे, कारण त्याने कडेच्या सरळ रेषा वाकतात आणि तुकडे भिडत नाहीत. प्रत्येक चौकटीत मागच्या चौकटीचा साधारण एक चतुर्थांश भाग पुन्हा यावा, आणि लॅबमधून ४ बाय ६ इंचाच्या साध्या प्रती काढून त्या जमिनीवर पसरून पाहाव्यात.

आठ आठवड्यांचा अवधी असेल तर पहिले दोन आठवडे कात्री न उचललेली बरी. त्या काळात प्रश्न, आराखडे आणि जागेच्या भेटी व्हाव्यात, पुढचे तीन आठवडे छायाचित्रण आणि कात्रणे जमवण्याला द्यावेत, आणि उरलेल्या काळात मांडणी, चिकटवणे आणि माउंटिंग उरकावे. मांडणी करताना तुकडे न चिकटवता पुठ्ठ्यावर ठेवावेत आणि प्रत्येक बदलानंतर वरून मोबाइलने छायाचित्र घ्यावे, कारण सुटे तुकडे पंख्याच्या वाऱ्यानेही हलतात आणि हरवलेली मांडणी आठवणीतून परत येत नाही. शिवाय नाकारलेल्या मांडण्यांची ही मालिकाच ज्यूरीसमोर विचाराचा पुरावा ठरते. कापताना कटरचे पाते किंचित आत कलते धरले तर कागदाची पांढरी कड खाली दडते, आणि तरीही ती दिसत असेल तर करड्या पेन्सिलीने दाबता येते. मासिकाच्या पातळ कागदावर पातळ गोंद लावला की पाठीमागची छपाई वर उमटते आणि सुरकुत्या पडतात, म्हणून तेथे ग्लू स्टिक बरी, आणि चिकटवलेले काम बटर पेपरखाली घालून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवावे. अशी कात्रणे स्कॅन करायची असल्यास पाठीमागे काळा कागद ठेवावा, म्हणजे मागचा मजकूर झिरपत नाही.

स्कॅनिंगमध्ये आणखी एक साधा हिशेब चुकतो. छपाईला दर इंचाला ३०० ठिपके लागतात असे धरले, तर २ इंच रुंदीचा जुना फोटो १२ इंचांपर्यंत वाढवायचा असल्यास तो सहापट, म्हणजे १८०० डीपीआयने स्कॅन करावा लागतो. घाईत ३०० ने केलेला स्कॅन नंतर कितीही ताणला तरी चेहऱ्याचे डाग होतात. मोबाइलमधील ॲप आता क्षणात आकृती कापून देतात आणि कडा इतक्या मऊ करतात की सांधा दिसतच नाही. सोय म्हणून ती वापरण्यास हरकत नाही, पण सांधा लपवण्याचा निर्णय तेथे ॲप घेते आणि विद्यार्थी फक्त तो मान्य करतो, ही गोष्ट शिक्षकांनी वारंवार लक्षात आणून द्यायला हवी.

शेवटी हक्कांचा प्रश्न. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्याखाली छायाचित्रालाही छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे संरक्षण मिळते, त्यामुळे मासिकातील कात्रण वर्गातील अभ्यासासाठी वापरणे आणि त्याच चित्राचे पोस्टर छापून विकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रदर्शन किंवा विक्री डोळ्यांपुढे असेल तर स्वतः काढलेल्या किंवा लेखी परवानगीने मिळवलेल्या छायाचित्रांवरच प्रकल्प उभा करावा. कुटुंबांकडून घेतलेल्या जुन्या फोटोंना तर कात्री कधीच लावू नये; त्यांचे स्कॅन काढावे, कोणाचा फोटो, कोठला, कोणी दिला हे वहीत त्याच दिवशी टिपावे, आणि प्रकल्प संपल्यावर मूळ फोटोंसोबत पूर्ण झालेल्या चित्राची एक छापील प्रत त्या घरी नेऊन द्यावी.